मातीतून ज्युदोच्या मॅटवर: तालमीतल्या पोरासाठी

कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल. त्यामुळं कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत वाढलेल्या पोराच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: काही झालं तरी पाठ वाचवायची. मीही मातीतलाच, आता ज्युदो शिकवतो. माझ्याकडं आलेल्या प्रत्येक पैलवानाला मी आधी हीच सवय आवरायला लावतो. ज्युदोत माणूस उभ्यानं, वेगानं फेकला जातो. अशा वेळी मागं हात टेकलास तर सगळं वजन कोपरावर नाहीतर खांद्यावर येतं.

म्हणून पहिला धडा उकेमी, म्हणजे पडणं. पाठीवर झोप. हनुवटी छातीला लाव, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेव, म्हणजे डोकं आपटत नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तिरके, आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम मॅटवर मार. झोपून जमलं की बसून मागं पड, मग उकिडवं बसून, शेवटी उभ्यानं. त्यानंतर कुशीवर पडणं आणि खांद्यावरून लोळण. श्वास रोखू नकोस. हे कंटाळवाणं वाटेल, तरी जोर-बैठकांसारखं रोज कर. न घाबरता पडणाऱ्यालाच न घाबरता डाव टाकता येतो.

हे सगळं असं का, ते कळायला थोडा इतिहास हवा. जपानात सामुराईंच्या काळात जुजुत्सूची, म्हणजे अंगाला अंग भिडवून लढायच्या विद्येची, अनेक घराणी होती. हातघाईच्या लढाईत, चिलखत घातलेल्या माणसाला बुक्की मारून उपयोग नसे. त्याला पाडायचं, सांधा पिळायचा. १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली, काळ बदलला, जुन्या घराण्यांकडं फारसं कोणी फिरकेना. त्या दिवसांत जिगोरो कानो नावाच्या अंगानं लहानखुऱ्या विद्यार्थ्यानं दोन घराण्यांची विद्या घेतली आणि १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान, म्हणजे ज्युदोची पहिली शाळा, सुरू केलं.

त्यांचं मोठेपण मला इथं दिसतं: जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले, आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीनं खेळायला मोकळे केले. त्या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात. म्हणून ज्युदोवाला रोज खरं लढू शकतो. कराटेत काताला आजही मोठा मान आहे. १९२२ मध्ये ओकिनावाचे कराटेगुरू फुनाकोशी टोकियोला आले, तेव्हा कानोंनीच त्यांना कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकाला बोलावलं. कराटेचा पांढरा पोशाख आणि पट्टेही ज्युदोकडूनच गेले.

आता डाव. उजव्या हातानं समोरच्याची डावी कॉलर, डाव्या हातानं त्याची उजवी बाही कोपराजवळ धर. इथं पैलवान लगेच जोर लावतो. थांब. आधी कुझुशी: त्याला ओढून किंवा ढकलून त्याचा तोल चवड्यावर नाहीतर टाचेवर आण. मग आत शिरायचं, आणि शेवटी टाकायचं. धोबीपछाड येत असेल तर सेओई-नागे, म्हणजे पाठीवर घेऊन पुढं टाकायचा डाव, लवकर समजेल. फक्त वर-पुढं ओढ आधी, वळणं नंतर, गुडघे वाकवून कंबर त्याच्या कमरेखाली. न टाकता नुसतं आत शिरायचा सराव म्हणजे उचिकोमी. तो भरपूर कर.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्या लढतीत पायाला हात घालायला बंदी आहे. एकेरी पट, दुहेरी पट, दोन्ही बंद. ढाक मारायची सवय असेल तर ती उपयोगी पडेल, पण पकड कपड्याची. पाठीवर जोरात, वेगात, ताब्यात ठेवून टाकलं की इप्पोन, म्हणजे लढत तिथंच जिंकली. खाली वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पोन. गळा किंवा हात अडकला की तळव्यानं दोनदा थाप मार. थाप पडली की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, यात वाद नाही.

माती सोडायची गरज नाही. राजाराम कॉलेजमध्ये शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ जिंकलं. त्याच वजनगटात त्यांना हरवून सोनं नेणारा शोहाची इशी मुळात ज्युदोवाला. महायुद्धानंतर जपानी शाळांत ज्युदोवर बंदी आली आणि तो कुस्तीकडं वळला. दोन्ही विद्या एकमेकींना पूरक आहेत याचा याहून मोठा पुरावा मला नको.

क्लास निवडताना आधी एक दिवस नुसता बसून बघ. पहिले काही आठवडे उकेमी घेतात का, थाप पडल्यावर मुलं लगेच सोडतात का, नखं तपासतात का, चपला मॅटबाहेर असतात का. वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्याकडं पैसे भरू नकोस. पोशाख जाड विणीचा ज्युदोचाच घे, कराटेचा पातळ पोशाख पकडीत फाटतो. घालताना डावी बाजू वर.