अमेरिकेत कॉलेजकडून खेळायला जाताय? घड्याळाच्या आणि पैशाच्या या चुका टाळा

बारावीचा निकाल लागलाय. मुलगी टेनिस चांगली खेळते, अमेरिकेतल्या दोन-तीन कोचशी ईमेल चालू आहेत, पण पक्कं काहीच नाही. अशा वेळी आपल्याकडे ठरलेला तोडगा निघतो: ‘वर्ष वाया जायला नको, एफवायबीकॉमला ॲडमिशन घेऊन ठेवू.’ फी भरतात, हजेरीचं पुढे बघू म्हणतात. पूर्णवेळ प्रवेश घेऊन वर्ग सुरू झाले, की तिचं अमेरिकेतलं घड्याळ पुण्यातच टिकटिकायला लागतं, आणि हे घरात कुणाला माहीतही नसतं.

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना. तिच्या तीन गटांपैकी सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनचा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा: पाच वर्षांत चार हंगाम. ही पाच वर्षं अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून मोजत नाहीत. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ शिक्षण सुरू झालं, की तिथून मोजतात. मग दुखापत होवो, कॉलेज बदला नाहीतर मध्ये वर्षभर घरी बसा, हे घड्याळ सहसा थांबत नाही. डिव्हिजन टू आणि थ्रीमध्ये वर्षांऐवजी १० सेमिस्टर मोजतात. तिथे शिक्षण सोडलेला काळ धरत नाहीत, म्हणून जरा सैल.

मग वर्षभर नुसत्या स्पर्धा खेळत राहायचं का? तिथेही खड्डा आहे. शाळा संपल्यावर बहुतेक खेळांना साधारण एक वर्षाची सवलत मिळत आली आहे, टेनिसला मात्र सहाच महिन्यांची. त्यानंतर अधिकृत स्पर्धा खेळत राहिलात तर हंगाम कापला जातो. सराव करा, पण ड्रॉमध्ये नाव घालण्याआधी तारखा तपासा.

अर्ज भरतानाची एक गंमत सांगतो, म्हणजे निस्तरायला लागेपर्यंतच गंमत. आपली अकरावी-बारावी ‘ज्युनियर कॉलेज’मध्ये होते. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं. फॉर्मवर अकरावीचं कॉलेज ‘कॉलेज’ या रकान्यात टाकलंत, तर समोरच्याला वाटणार की घड्याळाची दोन वर्षं गेली. ते माध्यमिक शिक्षणातच दाखवा, बोर्डाची गुणपत्रिका जोडा. अभ्यासाची पात्रताही नववीपासूनची बघतात: डिव्हिजन वनसाठी ठरावीक विषयांचे १६ कोर्स आणि किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी. त्यात तीन वर्षांचं गणित आहे. दहावीनंतर गणित सोडून आर्ट्स किंवा कॉमर्स घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

‘वर्ष वाढवून मिळतं हो, कोर्टात जायचं’ हे हल्ली फार ऐकू येतं. ते एका अर्थी खरंही आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (संघाचा मुख्य पास देणारा खेळाडू) दिएगो पाविया आधी ज्युनियर कॉलेजात खेळला होता. ती वर्षं मोजू नयेत म्हणून तो कोर्टात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. एनसीएएनेही मग त्याच्यासारख्यांना २०२५-२६ पुरती मुभा दिली. पण विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नायझिअर फूरकरन या फुटबॉलपटूला खालच्या कोर्टात मिळालेला दिलासा अपील कोर्टाने जुलै २०२५ मध्ये काढून घेतला. कोविडचं जादा वर्ष २०२०-२१ मध्ये खेळलेल्यांसाठी होतं, आता ते कुणी देणार नाही. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत अशी चर्चा २०२५ मध्ये होती, पण चर्चेच्या भरवशावर मुलीचं वेळापत्रक बांधू नका.

दुखापतीबद्दलही असाच गोंधळ. मेडिकल हार्डशिप, म्हणजे दुखापतीमुळे हंगाम न मोजण्याची सवलत, मिळाली तर हंगाम परत मिळतो, वर्ष नाही. त्यासाठीसुद्धा दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी, त्या हंगामाचा उरलेला भाग त्यामुळे बुडालेला हवा आणि सामने साधारण ३० टक्क्यांहून जास्त खेळलेले नसावेत. डॉक्टरचे कागद त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी आणलेल्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही.

आता पैसा. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येतं, याला तिकडे एनआयएल म्हणतात. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातली (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेला पैशाचा खटला) तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजेस थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो आणि आपल्याकडचे आईवडील हिशेब मांडू लागतात. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्सवाल्यांसाठी खरी बातमी वेगळीच आहे. पुरुष टेनिसला पूर्वी प्रत्येक कॉलेजात साडेचार स्कॉलरशिप असत. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजात आता १० जणांचा संघ आणि दहाही जणांना स्कॉलरशिप देता येते. ‘देता येते’ हे लक्षात घ्या, ‘मिळते’ नव्हे. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. स्क्वॉश तर एनसीएएच्या बाहेरचाच खेळ.

सगळ्यात महागात पडणारी चूक व्हिसाची. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना टीममधल्या अमेरिकन मैत्रिणीने इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन जाहिरात केली म्हणून आपणही केली, तर ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं. त्याचा फटका खेळाला नाही, अमेरिकेतल्या मुक्कामालाच बसतो. कॉलेजने दिलेले थेट पैसे चालतात का, यावरही वकिलांची मतं जुळत नाहीत, तेव्हा ‘सगळे घेतात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. केंटकी विद्यापीठाकडून खेळणारा काँगोचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२ मध्ये संघ बहामाला गेला असताना तिथे अशी जाहिरातींची कामं उरकली, म्हणजे अमेरिकेबाहेर. आपल्या मुलांना हीच वाट सुट्टीत घरी आल्यावर मोकळी असते: शूटिंग पुण्यात, करार पुण्यात. तरीही कॉलेजला आधी कळवा, आणि भारतातल्या कमाईचा भारतातला कर वेगळा.

करारात तोंडी शब्दावर जाऊ नका. मॅथ्यू स्लुका हा नेवाडा-लास वेगासचा क्वार्टरबॅक २०२४ मध्ये तीन सामन्यांनंतर संघ सोडून गेला. कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत असं त्याच्या बाजूचं म्हणणं होतं. कॉलेजची बाजू असा शब्द दिलाच नव्हता म्हणत होती. कागद नव्हता. त्याला घड्याळ मात्र पक्कं ठाऊक होतं: फुटबॉलमध्ये चारपर्यंत सामने खेळून हंगाम वाचवता येतो, म्हणून तो तिसऱ्यावरच थांबला. उलट फ्लोरिडा विद्यापीठाच्या जर्व्हॉन डेक्स्टरने २०२२ मध्ये कागदावर सही केली, ती मात्र ४ लाख ३६ हजार डॉलरच्या बदल्यात पुढच्या २५ वर्षांच्या एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल लीग) कमाईतल्या १५ टक्क्यांवर. पुढे ते प्रकरण कोर्टात गेलं. टक्केवारी आणि मुदत ही दोन वाक्यं शोधून काढा, मगच बाकीचं वाचा.

आपल्याकडच्या काही कन्सल्टन्सी ‘स्कॉलरशिप मिळाली तर तिच्यातले इतके टक्के’ असा भाव सांगतात. प्रवेशाच्या किंवा स्कॉलरशिपच्या निकालावर ठरलेली फी एनसीएएच्या नियमात बसत नाही, आणि गोत्यात येतो तो खेळाडू. ठरावीक फी घेणारा शोधा, नाहीतर स्वतःच ईमेल करा. कोच उत्तर देतात, थोडा वेळ लागतो एवढंच.

बाहेरच्या कंपनीशी ६०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा करार झाला, तर डिव्हिजन वनच्या खेळाडूने तो ‘एनआयएल गो’ या पोर्टलवर पाच कामकाजी दिवसांत नोंदवायचा असतो. कराचं म्हणाल तर ट्यूशन आणि पुस्तकांची स्कॉलरशिप करमुक्त, राहण्या-जेवणाची नाही. एफ-१ वरच्यांच्या त्या भागातून सहसा १४ टक्के कापतात. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्याला अमेरिकन लोकांसारखी स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, इतर बहुतेक देशांच्या मुलांना नाही. तिथल्या कर भरून देणाऱ्यालाही हे कधी कधी माहीत नसतं, तुम्हीच सांगा.

पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळून आली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. तेव्हा एनआयएल नव्हतं, घड्याळ होतंच. आज तुमचा पहिला ईमेल कोचला जाईल, ते ठीक. दुसरा त्याच कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागाला पाठवा आणि त्यात तीनच प्रश्न विचारा: माझं घड्याळ कुठल्या तारखेपासून चालू धरता, माझे हंगाम किती उरले, आणि एफ-१ वर तुमच्याकडून मला नेमकं काय घेता येईल. उत्तर लेखी मागा.