ज्युरीआधी सेक्शन कसा काढायचा

ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडायचा दिवस, जवळ आली की एम.आर्क.ची (आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गाची) मुलं स्टुडिओत माझ्यापुढे प्लॅन पसरतात. मी तो बाजूला सारते आणि सेक्शन मागते, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र.

समजा साइट पुण्यात कसबा पेठेत, दोन वाड्यांच्या मधली आहे. आधी शेजारच्या इमारतींसकट 1:200 चं मॉडेल करा, साधा ग्रे बोर्ड पुरे. मग चौक (इमारतीच्या मधलं उघडं अंगण) आणि जिना कापणारा सेक्शन 1:50 ला, तोही हाताने. पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते त्यात दिसलंच पाहिजे.

आता ऊन, इथेच बहुतेकांची दांडी उडते. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5 अंश. म्हणजे डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून 48 अंशांवर; जूनअखेरीस मात्र डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला. दक्षिणेची भिंत 9 मीटर उंच आणि चौक दक्षिणोत्तर 4 मीटर असेल, तर डिसेंबरातलं ऊन समोरच्या भिंतीवर साडेचार मीटरच्या वरच राहतं. तळमजला गारठलेला! जमिनीवर ऊन हवं असेल तर 8 मीटरहून मोठा चौक लागेल, नाहीतर दक्षिणेचा मजला उतरवा. (प्लॉट बघता मी मजलाच उतरवीन.)

रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं हुबेहूब चित्र, वेळ उरला तर. आणि ज्युरीत ‘माझा कन्सेप्ट असा’ने सुरुवात करू नका, थेट चौकात नेऊन उभं करा.