नागीण, अर्धशिशी, काचबिंदू : शब्दांचा अर्थ लावताना या चुका टाळा

आईच्या पाठीवर नागीण उठली तेव्हा शेजारच्या काकू वाटीत काव कालवून घेऊन आल्या. 'तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका हो,' असं त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. मी वाकून पाहिलं. मणक्यापासून निघालेली फोडांची रांग उजव्या बरगडीखालून पोटाकडे वळली होती. डावीकडे मात्र एकही फोड नव्हता, जणू पाठीच्या मधोमध कुणी रेघ मारून ठेवली होती.

नावावरून आजार ठरवायचा, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो. तोंड-शेपूट जुळून माणूस दगावतो, या भीतीला आधार नाही. खरी घाई वेगळीच आहे: पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण जास्त येतो. काव लावत बसलं तर नेमके हेच तास हातचे जातात. फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पण म्हणून 'नागीण' हा शब्द अडाणी ठरवून टाकून देऊ नका. ही दुसरी चूक, आणि ती शिकलेली माणसं जास्त करतात. डॉक्टर ज्याला हर्पीस झोस्टर म्हणतात त्यातला 'हर्पीस' ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी 'सरपटणे' आहे. संस्कृतातला 'सृप्' धातू त्याचाच भाऊबंद. त्यातूनच सर्प, सरीसृप आणि कातडीवर पसरत जाणाऱ्या रोगाचं आयुर्वेदातलं नाव 'विसर्प' हे शब्द आले. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. ग्रीक वैद्याला आणि आपल्या आजीला कातडीवर सरपटत जाणारं एकच काहीतरी दिसलं होतं. दोघांचीही नजर पक्की होती.

जुना शब्द आजच्या कानानं ऐकू नका. अर्धशिशीतली 'शिशी' म्हणजे औषधाची बाटली नव्हे, तिथे 'शीर्ष' आहे, म्हणजे अर्धं डोकं. गंमत म्हणजे मायग्रेनचं मूळही ग्रीक 'हेमिक्रेनिया', अर्धी कवटी. असाच घोटाळा इंग्रजी शिकणारी मुलं 'मंगूस' शब्दात करतात. हंसाच्या जातीचा 'गूस' पाहून अनेकवचन 'मंगीस' करतात. पण तो शब्द आपल्या मुंगसावरून गेला आहे, त्यात गूस कुठेच नाही. अनेकवचन साधं 'मंगूसेस'.

नावात सांगितलेलं कारण खरं मानू नका, हेही ओघानं आलंच. 'मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये खराब हवा. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचा परजीवी सापडला, तरी नाव बदललं नाही. आपला 'हिवताप' कारणाच्या भानगडीत पडतच नाही. हीव भरतं, ताप येतो, एवढंच तो सांगतो, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आता काचबिंदू. मोतीबिंदूचा भाऊ समजून 'पिकू दे, मग बघू' म्हणणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा दिसतं. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी डोळ्याची नसच झिजत जाते, बहुतेकदा न दुखता, कडेची नजर आधी खात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधानं राखता येते. तो पिकत नाही. वाट पाहू नका. घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर नियमित तपासून घ्या. गोंधळाचं मूळ जुनं आहे. आयुर्वेदातल्या वाग्भटाच्या ग्रंथात 'तिमिर', 'काच' आणि 'लिंगनाश' या दृष्टी जात जाण्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. त्यातला 'काच' वाचून तो आजचा काचबिंदूच, असं ठरवलं तर ग्रंथही चुकीचा कळतो आणि आजारही.

प्राण्यांच्या नावांतलं शेवटचं पद जात सांगतं, असंही धरून चालू नका. खवले मांजर, ऊदमांजर, पाणमांजर यांतलं एकही मांजर नाही. खवले मांजराला तर दातच नसतात, मुंग्या-वाळवीवर ते जगतं. 'पँगोलिन' हा शब्द मलाय भाषेतला आहे, गुंडाळी करणारा अशा अर्थाचा, आणि भ्यालं की ते खरंच चेंडू होऊन बसतं.

नावावरून जात धरण्याची हीच सवय सापांत जिवावर बेतते. डुरक्या घोणस बिनविषारी, नुसती घोणस जहाल विषारी. दोन्ही जाडजूड, दोन्हींच्या अंगावर ठिपके. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, डुरक्याची शेपटी आखूड असते. पण अंधारात, पायाशी, हे पारखत बसू नका. मागे व्हा आणि सर्पमित्राला फोन करा. दंश झालाच असेल तर नाव कळायची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते.