गुन्हेकथेत स्त्रीवरील हिंसा लिहिताना

गुन्हेकथेच्या पहिल्या पानावर प्रेत सापडते तेव्हा ते बहुधा तरुण स्त्रीचे असते, आणि ती हमखास देखणी असते. या प्रथेला कंटाळून ब्रिटनमध्ये 2018 साली स्टॉन्च बुक प्राइझ हा पुरस्कार सुरू झाला. ज्या थरारकथेत एकाही स्त्रीला मारहाण होत नाही, तिचा पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार किंवा खून होत नाही, तीच त्याला पात्र ठरे. बायकांच्या वाट्याला जे रोज येते ते लिहायचेच नाही का, असा आक्षेप तेव्हा काही लेखिकांनी घेतला होता आणि मला तो रास्त वाटतो. मात्र लिहायचे ठरवल्यावर खर्डा कसा तपासावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सर्वप्रथम प्रेत सापडण्याचा प्रसंग वाचायला काढा. 'पहाटेच्या कोवळ्या उन्हात तिचा गोरापान देह संगमरवरी पुतळ्यासारखा निपचित पडला होता' असे वाक्य आढळले, तर ते कोणाच्या नजरेने लिहिले आहे हे स्वतःला विचारा. पंचनाम्याला आलेला हवालदार असे पाहत नाही. असे पाहतो तो खुनी, आणि त्याच्या शेजारी आपण वाचकाला नेऊन बसवतो. आता हाच प्रसंग असा लिहून पाहा: 'हवालदाराने आधी गॅस बंद केला. कुकरच्या तळाशी डाळ करपली होती. ओट्यावर दोन डबे झाकणे काढून ठेवलेले होते.' येथे मृत्यूची वेळ साधारण कळते, तिच्या दिवसाचा क्रम कळतो आणि दुसरा डबा कोणाचा, हा प्रश्न तपासाला मिळतो. संगमरवराने तपासाला काहीच दिले नव्हते.

त्यानंतर क्रियापदे तपासावीत, कारण आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे. 'तिची अब्रू गेली', 'तिच्यावर अतिप्रसंग ओढवला', 'तिला मार बसला' या वाक्यांत करणारा माणूस कोठेच नाही, आणि पहिल्या वाक्यात तर जे काही गेले ते तिचेच गेले. 'त्याने तिला मारले', 'त्याने तिच्यावर बलात्कार केला' असे लिहिले की कर्ता जागेवर येतो. एखादी आत्याबाई 'अब्रू' म्हणत असेल तर तिच्या तोंडी तो शब्द राहू द्यावा. निवेदकाच्या तोंडी तो नसावा.

पीडितेने आरडाओरड केलीच पाहिजे, तिच्या अंगावर खुणा असल्याच पाहिजेत, ही समजूतही कथानकात नकळत शिरते. 1972 साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरड केली नाही, या बाबींना महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध देशभर उठलेल्या आंदोलनानंतर 1983 साली कायदा बदलला. तेव्हा आपली व्यक्तिरेखा भीतीने थिजली, तर ते 'ती खोटे बोलत असावी' असा चकवा देण्यासाठी वापरू नये. तो चकवा शिळाही आहे. तसेच वैद्यकीय तपासणीच्या प्रसंगात 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनिमार्गात दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, दाखवायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ती पीडितेच्या खासगीपणाचा भंग करणारी ठरवली आहे, हे कथेतील डॉक्टरला माहीत असायला हवे.

खुनी निवडताना अंधाऱ्या गल्लीतल्या विकृत अनोळखी माणसावर फार भिस्त ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगभरात सुमारे 85,000 स्त्रिया आणि मुलींची हत्या झाली आणि त्यांतील सुमारे 60 टक्के हत्या जोडीदाराने किंवा कुटुंबातल्याच कोणीतरी केल्या होत्या. घर हे रहस्यासाठीही अधिक सुपीक आहे. लग्नाला 7 वर्षे होण्याआधी विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या थोडे आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर कायदा तो हुंडाबळी मानतो. म्हणजे लग्नाची तारीख हाच दुवा होऊ शकतो: लग्नाचा सातवा वाढदिवस उलटून चार दिवस झाले आहेत, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे, आणि ही तारीख घरात कोणी मोजत होते का, असा प्रश्न फक्त तपास अधिकारी बाईंना पडला आहे.

शेवटी खर्ड्यावर पेन्सिल घेऊन बसावे आणि मृत स्त्री जिवंतपणी स्वतःहून काही करते, बोलते, चिडते किंवा चुकते अशा प्रत्येक जागी समासात खूण करावी. भिशीचा हप्ता चुकवणे, जावेशी भांडणे, बँकेत आपल्या एकटीच्या नावाचे खाते उघडणे, काहीही चालेल. तपास अधिकाऱ्याच्या दुःखाला, दारूला आणि पावसाला वीस पाने मिळाली असतील आणि समासात तीनच खुणा दिसत असतील, तर पावसाची पाने आधी कापावीत.