खाऱ्या हवेतलं सोलर: लोखंड, जस्त आणि तांब्याचा हिशेब

कळंगुट, मिरामार, बाणावली, वास्को. गोव्यात समुद्राजवळच्या कुठल्याही गच्चीचं सोलरचं कोटेशन उघडा. पॅनेलचा ब्रँड ठळक अक्षरात असतो आणि स्ट्रक्चरला, म्हणजे पॅनेलं पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, एकच ओळ मिळते: 'जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) स्ट्रक्चर, नट-बोल्टसह'. पॅनेलवर 25 वर्षांची हमी असते. खालचा पाइप पाच-सहा पावसाळ्यांत गंजून सोलला, तर सगळं उतरवून नवं लोखंड चढवावं लागतं.

आधी वजन मांडा. 540 वॉटची सहा पॅनेलं म्हणजे 3.24 किलोवॉट. एक पॅनेल साधारण 28 किलोचं, त्यातली 20 किलोच्या वर नुसती काच. सहांची मिळून जवळपास 170 किलो. चांदी सगळी मिळून 30 ग्रॅमच्या आसपास. या मालात काय घालायचं ते कारखान्यात ठरलेलं असतं. तुमच्या हातात उरतं ते लोखंड, त्यावरचं जस्त आणि तांबं.

60×40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला जवळपास 3 किलो भरतो. उंच स्ट्रक्चरला 60 मीटर पाइप लागला, तर 180 किलो लोखंड झालं, पॅनेलांपेक्षा जास्त. ते टिकवणार जस्त, आणि 'जीआय' म्हणून दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक जीपी पाइप: आधीच जस्त लावलेल्या पत्र्याचा वळवलेला. 120 ग्रॅमचा पत्रा असेल, तर हे 120 ग्रॅम दोन्ही बाजूंचे मिळून. एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). शिवाय पाइप जोडताना वेल्डिंगच्या रेषेवरचं जस्त जळतं, म्हणून गंजाचा पहिला पट्टा तिथेच उठतो. दुसरी वस्तू हॉट-डिप: सगळं कापून, भोकं पाडून, वेल्ड करून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेली.

फरक आकड्यात पाहा. हवा धातू किती खाते याचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ 9223 या मानकाप्रमाणे सी-5 म्हणजे तीव्र खाऱ्या हवेत जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिजतं, त्याखालच्या सी-4 मध्ये 2.1 ते 4.2. समुद्राला तोंड करून असलेली गच्ची सी-5 धरा. तिथे जीपीचे 8 मायक्रॉन एक-दोन वर्षांत संपतात; हॉट-डिपने 80 मायक्रॉन चढवले, तर ते 10 ते 19 वर्षं जातात. वरच्या 60 मीटर पाइपला 80 मायक्रॉनसाठी आतून-बाहेरून मिळून 13 किलोच्या आसपास जस्त लागतं, जीपीत दीड किलोही नसतं. साडेअकरा किलो जस्तासाठी 180 किलो लोखंड पुन्हा विकत घेण्यात शहाणपण नाही. सांगे-वाळपईकडे हवा इतकी खारी नसते. तिथे 60-65 मायक्रॉनही चालून जातात.

यात एक मेख आहे. लोखंड जितकं पातळ, तितका जस्ताचा थर पातळ बसतो. 2 मिमीच्या पाइपवर 80 आपोआप येत नाहीत. ऑर्डरमध्ये 'हॉट-डिप, सरासरी 80 मायक्रॉन' असं लिहून घ्या आणि माल उतरताच कोटिंग मोजायच्या मीटरने प्रत्येक पाइपवर चार-पाच ठिकाणी मोजा. पाइपच्या टोकांना जस्त आत-बाहेर जायला भोकं ठेवलेली असावीत; नसतील, तर आतली बाजू कोरीच राहिली असं समजा. गच्चीवर ड्रिल आणि ग्राइंडर चालवू देऊ नका. एखादं भोक पाडावंच लागलं, तर तारेच्या ब्रशने घासून त्याच दिवशी जस्तयुक्त पेंटचे दोन हात द्या. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट दिसायला तसाच असतो, काम ते करत नाही.

नट-बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) 316 चे घ्या. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला नेहमीच्या 304 स्टेनलेसपेक्षा चांगलं तोंड देतं. लोहचुंबकाने हे दोन ओळखता येत नाहीत, बिलावर आणि बोल्टच्या डोक्यावर ए-4 ही 316 ची खूण पाहा. तांब्याची अर्थिंगची वायर ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर थेट आवळली, की ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन जातं आणि अर्थिंग तुटते. मध्ये कलई केलेलं लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) किंवा दोन धातूंचं बायमेटल वॉशर हवंच.

तांब्याच्या बाबतीत उलटी चूक होते: गरजेपेक्षा जाड केबल. सहा पॅनेलं एका ओळीत जोडली, की साधारण 250 व्होल्ट आणि 13 अँपिअर मिळतात. इन्व्हर्टर 20 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 40 मीटर. 4 चौरस मिमीच्या केबलमध्ये अडीच व्होल्टच्या आसपास, म्हणजे एक टक्का घट. पुरे. हे तांबं 1.4 किलो भरतं. 6 चौरस मिमी घेतलं, तर 2.1 किलो. जास्तीचं तांबं वाया का घालवायचं? 2018 मध्ये तमिळनाडूतला तुतिकोरिनचा तांब्याचा मोठा कारखाना बंद झाल्यापासून देशाला बरंच शुद्ध तांबं बाहेरून आणावं लागतंय, आणि जून 2023 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांतही तांबं आहे. केबल आयएस 17293 ची घ्या. कनेक्टरची जोडी एकाच कंपनीची. दोन कंपन्यांचे तुकडे बसतात खरे, पण सैल राहतात, तापतात, वितळतात.

बॅटरी: नेट मीटर (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणारं मीटर) असेल आणि वीज फार जात नसेल, तर घेऊच नका. हवीच असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेटची; तिच्यात कोबाल्ट आणि निकेल नसतं.

पावसाळ्यात पॅनेलांवरचं मीठ आपोआप धुऊन जातं. ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला एकदा गोड्या पाण्याने धुवा, पॅनेलांखालचा पाइप आणि क्लॅम्प सुद्धा, कारण तिथे पाऊसही पोचत नाही. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी खारं असेल, तर न धुतलेलं बरं.

फुटलेलं पॅनेल भंगारात घालू नका. तिथे ॲल्युमिनियमची फ्रेम उपटतात आणि काच, सिलिकॉन, चांदी सगळं फेकून देतात. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत (1 एप्रिल 2023 पासून लागू) सोलर पॅनेल येतात आणि जबाबदारी उत्पादकावर असते. त्याला धरायचं, तर बिल आणि प्रत्येक पॅनेलचा सीरियल नंबर लागतो. स्टिकर पाठीवर असतो, म्हणून फोटो पॅनेल चढवण्याआधी काढा.