मे महिन्यात पालकाचं हिरवं जेल चालवायचं असेल तर

हिरवं जेल म्हणजे पानातली क्लोरोफिलवाली प्रोटीनं न मोडता विजेच्या दाबाने जेलमध्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत पाडणं. दरवर्षी एम.एस्सी.च्या पोरांचं पहिलं हिरवं जेल सारखंच येतं. वर फिकट, तळाशी लखलखीत हिरवा पट्टा. तो पट्टा म्हणजे प्रोटीनपासून सुटलेलं क्लोरोफिल. "मॅडम, हिरवं तर आलं नं जी!" असं कुणी म्हटलं की मी वही मिटून ठेवते.

एलएचसी-टू, म्हणजे पानात प्रकाश गोळा करणारं प्रोटीन-क्लोरोफिलचं संकुल, मुळात लेचंपेचं नाही. एकेका प्रोटीनमध्ये १४ क्लोरोफिल (८ ए प्रकारचे, ६ बी प्रकारचे) आणि ४ कॅरोटिनॉइड (पिवळे-नारिंगी रंग) घट्ट बसलेले असतात, आणि अशी तीन प्रोटीनं मिळून त्रिकूट बनतं. थायलाकॉइड या हरितलवकातल्या पटलातलं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे स्निग्ध त्या त्रिकुटाचा सांधा धरून ठेवतं. म्हणून थायलाकॉइडमध्ये असेपर्यंत ते नागपूरच्या उन्हाला काय, ५० अंशांनाही सहज दाद देत नाही. पाणी फोडून ऑक्सिजन देणारा भाग त्याच्या कितीतरी आधी गळपटतो. आपलं संकुल मोडतं ते आपल्याच हातून, पटलातून बाहेर काढताना.

पालक आदल्या दिवशी सकाळीच आणा. कॉटन मार्केटात अकरानंतर गेलात तर पानं माना टाकून बसलेली असतात. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. अंधारात पानातला स्टार्च कमी होतो. तो तसाच राहिला तर सेंट्रिफ्यूजमध्ये त्याचे जड कण हरितलवकं फाडून खाली जातात.

बफर: ०.४ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ट्रायसिन, पीएच ७.८. मॅग्नेशियम विसरू नका. एका वर्षी बाटली रिकामी होती, मी म्हटलं चालून जाईल. ग्रानाच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या थायलाकॉइडच्या, चळती सुटल्या, सेंट्रिफ्यूजच्या नळीत तळाला गोळा नीट बसेना, आणि आम्ही दोन दिवस उन्हाला शिव्या देत राहिलो. पीएचही तितकाच सांभाळा. पानातल्या आम्लाने क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघतो आणि रंग शेवाळी होतो. झाकण ठेवून शिजवलेल्या पालकाच्या भाजीचं होतं तेच.

मिक्सरचं भांडं आधी बर्फात गार करा. तीन-तीन सेकंद, दोनदा, बस. मलमलीच्या चार पदरांतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी वर (गुरुत्वाच्या तीन हजार पट) हरितलवकं तळाला बसवा, मग साखर नसलेल्या, मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये फोडून थायलाकॉइड पुन्हा बसवा. ८० टक्के ॲसिटोनमध्ये क्लोरोफिल मोजा: ६६३ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं वाचन गुणिले ८.०२, अधिक ६४५ चं वाचन गुणिले २०.२, उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटर. जितकं पातळ केलं तितक्याने गुणायला बहुतेक जण विसरतात.

आता नाजूक भाग. क्लोरोफिल मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम ठेवा, डोडेसिल माल्टोसाइड हे सौम्य डिटर्जंट १ टक्का, बर्फावर दहा मिनिटं. डिटर्जंट अंदाजाने ओतू नका. क्लोरोफिलच्या हिशेबानेच घाला. जास्त झालं तर सांधा धरणारं स्निग्धच धुऊन जातं. घुसळू नका, फेस येऊ देऊ नका. आणि नमुना उकळायचा नाही! नेहमीच्या प्रोटीन जेलची सवय इथे घात करते. जेल ४ अंशांवर, दिवे मालवून चालवा. लाईन गेली तर फ्रीजचं दार उघडून बघत बसू नका.

टिकाऊपणा तपासायचा तर डिटर्जंट घालण्याआधी थायलाकॉइडच्या नळ्या २५, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांवर पाच-पाच मिनिटं ठेवा, लगेच बर्फात घाला. जेलवर त्रिकुटाचा पट्टा विरत जाईल आणि खालचा एकट्या प्रोटीनचा भरत जाईल. कोणत्या तापमानाला अदलाबदल झाली ते टिपा.

फ्लुओरिमीटर (चमक मोजणारं यंत्र) रिकामा मिळाला तर आणखी एक करा. त्रिकुटाचा पट्टा कापून ४७० नॅनोमीटरचा प्रकाश टाका. तो क्लोरोफिल-बी शोषतं. संकुल शाबूत असेल तर ऊर्जा ए कडे जाते आणि चमक ६८० च्या आसपासच दिसते. ६६० ला वेगळा उंचवटा दिसला की समजा, बी सुटं पडलंय.

जेलचा फोटो अतिनील दिव्याखाली काढा. तळाचा सुटा रंग लाल चमकेल, वरचा फोटोसिस्टिम-वन या दुसऱ्या क्लोरोफिल संकुलाचा पट्टा जवळजवळ काळाच राहील. तो काळा दिसला म्हणून जेल फेकू नका. मागच्या बॅचने फेकलं होतं.