माझ्या नावावरचं अनोळखी सिम असं बंद केलं

परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला: माझ्या नावावरच्या सिमवरून फसवणूक झाली. तो नंबर माझा नव्हताच. परभणीच्या ठाण्यात खात्री केली, फोन खरा निघाला.

ते सिम बंद करायला सांगितलं तर मोबाइल दुकानदाराने हात वर केले. कस्टमर केअरचा ओटीपी त्याच अनोळखी सिमवर जायचा. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी संचार साथी या सरकारी पोर्टलवर स्वतःचा नंबर, कॅप्चा, ओटीपी टाकला. माझ्या नावावरच्या नंबरांच्या यादीत तो नंबर होता. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग 'नॉट माय नंबर' निवडून रिपोर्ट करा आणि रेफरन्स क्रमांक जपा. दोन्ही जोडून ठाण्यात लेखी अर्ज दिला. त्यात ओळखचोरीचं आयटी कायद्याचं कलम ६६ सी लिहिलं. माझ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ही पोच सोडू नकाच, सिम नावावर म्हणून पहिला संशय आपल्यावरच येतो. नंबर बंद झाला. त्या परराज्यातल्या पोलिसांच्या चौकशीला तीच प्रत पाठवली.